अमावस्या, गच्ची आणि क्ष-किरण: त्या फॉरवर्डला उत्तर

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: आकाशातून सगळ्या दिशांनी क्ष-किरण येतात, ते महास्फोटाचे उरलेले किरण आहेत, नाहीतर दूरच्या दीर्घिकांमधल्या ताऱ्यांचे, शास्त्रज्ञांना नक्की काहीच माहीत नाही, आणि अमावस्येला चंद्राचा आडोसा नसल्याने ते जास्त येतात, म्हणून त्या रात्री गच्चीवर झोपू नये.

यातलं पहिलं, म्हणजे सगळ्या दिशांनी क्ष-किरण येतात हे, खरं आहे.

गच्चीचं आधी उरकतो. हे किरण वातावरणातच शोषले जातात, जमिनीपर्यंत पोचत नाहीत. म्हणून तर 1962 साली खगोलशास्त्रज्ञ रिकार्डो जियाकोनी आणि सहकाऱ्यांना उपकरण रॉकेटमधून वर पाठवावं लागलं. शोधायचे होते चंद्रावरचे क्ष-किरण. सापडला वृश्चिक राशीतला एक प्रखर स्रोत आणि सगळ्या आकाशभर पसरलेली मंद झळाळी. चंद्र मागून येणारे किरण अडवतो हे मात्र बरोबर. 1990 साली रोसॅट उपग्रहाने टिपलेल्या चित्रात चंद्राची अंधारी बाजू त्या झळाळीवर काळी उमटली आहे. पण चंद्र आकाशाचा व्यापतो दोन लाखांतला जेमतेम एक भाग. शिवाय अमावस्येला तो कुठे जात नाही, दिवसा आकाशात असतो.

महास्फोटाचा उरलेला प्रकाश खरोखरच आहे, पण सूक्ष्मलहरींच्या रूपात, 2.7 केल्विन तापमानाचा. क्ष-किरणाच्या एका फोटॉनची (प्रकाशकणाची) ऊर्जा त्यातल्या फोटॉनपेक्षा दहा लाख पटींहून जास्त असते. दोन्ही एक कसे होतील? याहून गंभीर एक कल्पना पूर्वी होती: दीर्घिकांमधल्या पोकळीत कोट्यवधी अंशांचा वायू भरलेला असेल आणि झळाळी त्याची असेल. तसा वायू असता तर त्याने सूक्ष्मलहरींचा वर्णपट, म्हणजे कुठल्या ऊर्जेला किती प्रकाश याचा आलेख, बिघडवला असता. 1990 मध्ये कोबे उपग्रहाने तो वर्णपट मोजला, तर बिघाडाचा मागमूस नाही. कल्पना तिथेच संपली.

आता तारे. मेसेजमधली ही सर्वांत पटण्याजोगी चूक, कारण ‘दूरच्या दीर्घिका’ हा भाग बरोबर आहे. 1999 साली अवकाशात गेलेल्या चंद्रा दुर्बिणीने आकाशाच्या एकाच छोट्या तुकड्याकडे मिळून सुमारे 70 लाख सेकंद पाहिलं, म्हणजे जवळजवळ बारा आठवडे. एकसंध वाटणारी झळाळी सुटत सुटत हजारभर वेगवेगळे ठिपके झाली. त्यातले सुमारे 70 टक्के ठिपके म्हणजे दीर्घिकांच्या केंद्रातली महाकाय कृष्णविवरं. किरण विवराच्या आतून येत नाहीत. आत ओढला जाणारा वायू बाहेरच इतका तापतो की त्याच्याजवळून क्ष-किरण निघतात. साध्या दीर्घिकाही या झळाळीत भर घालतात, पण तीही प्रामुख्याने अशा जोड्यांमधून, जिथे न्यूट्रॉन तारा (मेलेल्या ताऱ्याचा अतिघन गाभा) किंवा लहान कृष्णविवर जोडीदार ताऱ्याचं द्रव्य ओढून घेतं. एकूण झळाळीत त्यांचा वाटा थोडा. सर्वांत मंद ठिपक्यांपर्यंत गेलं की मात्र अशा दीर्घिकांची संख्या झपाट्याने वाढते, म्हणून त्यांना शून्यही म्हणता येणार नाही.

‘काहीच माहीत नाही’ हे तर साफ खोटं. साधारण 8 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतच्या (हे किरणांची ऊर्जा मोजायचं एकक) झळाळीचा बहुतांश भाग एकेका स्रोताच्या नावावर लावून झाला आहे. अडचण त्याच्या वर आहे. झळाळीचा जोर 30 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास सर्वाधिक, आणि जवळच्या उघड्या, तेजस्वी क्वेसारांची (वायू गिळत झगमगणाऱ्या महाकाय कृष्णविवरांची) नुसती बेरीज केली तर हा आकार जुळत नाही. त्यावर 1989 मध्ये सेट्टी आणि वोल्टियर या खगोलशास्त्रज्ञांनी सुचवलं, की बरीच कृष्णविवरं दाट वायू आणि धुळीआड दडलेली असावीत. तो पडदा कमी ऊर्जेचे किरण गिळतो, जास्त ऊर्जेचे सोडतो. पुढची निरीक्षणं याच बाजूने गेली. 2012 साली अवकाशात गेलेल्या नूस्टार दुर्बिणीने 8 ते 24 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पट्ट्यातला सुमारे 35 टक्के भाग सुटा करून दाखवला. उरलेल्यासाठी तिथे आणखी तीक्ष्ण नजरेची दुर्बीण लागेल.