माझ्या फॉर्मवर 'उत्पन्न निल' कुणी लिहिलं?

गेला महिनाभर बँक बदलायच्या कामात होते, आता संपलं एकदाचं, आणि डोक्यात आहे ते लिहून टाकते. लांब आहे, पण घरातून काहीतरी काम करणाऱ्या बायकांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

मी साताऱ्यात घरी शिवणकाम करते. ब्लाउज, ड्रेस, फॉल-पिको, लग्नसराईत आरीवर्कचे ब्लाउज पण घेते. जुनं खातं २०१६ चं. ते उघडलं तेव्हा बँकेचा एक मुलगा सोसायटीत टेबल टाकून बसला होता, आधार-पॅनची झेरॉक्स घेतली, फोटो चिकटवला, म्हणाला ताई इथे इथे सह्या करा, बाकी मी भरतो. मी सह्या केल्या. त्याने काय भरलं ते मी बघितलं नाही आणि तेव्हा त्यात बघण्यासारखं काही असतं असंही वाटलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी वडिलांची गावाकडची जमीन विकली, भावाने माझ्या वाट्याचे सहा लाख खात्यावर टाकले. चौथ्या दिवशी मुलीची कॉलेजची फी भरायला गेले तर पैसे जाईचनात. बँकेत गेले, टोकन घेऊन दीड तास बसले, मग मॅनेजर साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. ऑक्युपेशन हाऊसवाइफ, अ‍ॅन्युअल इन्कम निल. म्हणाले, मॅडम, ज्यांचं उत्पन्न शून्य आहे त्यांच्या खात्यात एकदम सहा लाख आले की सिस्टीम विचारणारच. खरेदीखताची कॉपी, भावाचं पत्र, सगळं दिलं, तरी अकरा दिवस गेले. फी शेवटी जावेकडून उसने घेऊन भरली. साहेब बोलायला चांगले होते, त्यांच्यावर राग नाही. राग त्या 'निल'चा आला. वीस वर्षं मशीनवर बसून पाठीचं काय झालंय ते मला माहितीये, दोन मुलांच्या शाळा त्या मशीनवर झाल्यात, आणि कागदावर मी काय तर काहीच न कमावणारी बाई!

पुढे पॉवर मशीन आणि ओव्हरलॉक घ्यायला मुद्रा कर्जाची चौकशी केली तेव्हा पण तेच आडवं आलं. तुमचा व्यवसाय कुठे दिसतोय, असं विचारलं. कुठे दिसणार, कुणी लिहिलाच नव्हता.

आता बँक बदलायचं कारण वेगळं, आमची शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झाली आणि चार किलोमीटर लांब गेली. नवीन बँक चालत दहा मिनिटांवर आहे. तिथल्या काउंटरवरच्या मुलीने फॉर्म घेतला आणि मला न विचारता हाऊसवाइफवर टिक करायला पेन टेकवलं. मी म्हणलं थांब बाळा, मी शिवणकाम करते, स्वयंरोजगार लिही. ती म्हणाली काकू उत्पन्नाचा आकडा लागेल मग. म्हणलं उद्या आणते.

रात्री जेवणं झाल्यावर मापाची वही काढली. माझ्या वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान आहे, छाती-कंबर-बाही-गळा, कापडाचा छोटा तुकडा टाचणीने लावलेला, खाली तारीख आणि घेतलेले पैसे. एप्रिलपासून एकेक पान उलटत गेले, मुलगी कॅल्क्युलेटरवर बेरीज करत होती, मी आकडे सांगत होते. वर्षाचे आलेले दोन लाख सेहेचाळीस हजार. त्यातून अस्तर, दोरे, हुक, सुया, लाईट बिलातला वाटा, मशीनची दुरुस्ती असे बासष्ट हजार गेले. राहिले एक लाख चौऱ्याऐंशी हजार. मुलगी म्हणाली आई, तू एवढे कमावतेस? मलाही तो आकडा असा एका जागी पहिल्यांदाच दिसला. थोडा वेळ दोघी नुसत्या त्या कागदाकडे बघत बसलो.

फॉर्मवर 'एक ते पाच लाख' या रकान्यात टिक झाली. पैशाचा स्रोत, व्यवसाय. भारताबाहेर टॅक्स भरता का, नाही. राजकीयदृष्ट्या महत्त्वाची व्यक्ती आहात का, या प्रश्नाला माझ्या मागे उभी असलेली बाई घाबरली, तिची सासू ग्रामपंचायत सदस्य होती. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी, म्हणजे गिऱ्हाइकाची ओळख पटवायच्या, नियमात तो शब्द परदेशातल्या मोठ्या सरकारी पदांवरच्या लोकांसाठी आहे, ग्रामपंचायतीचा त्याच्याशी संबंध नाही. पण हे तिला सांगायला काउंटरवर कुणाला वेळ नव्हता. नॉमिनी आता चारपर्यंत देता येतात, १ नोव्हेंबर २०२५ पासून. मी दोन्ही मुलांची नावं दिली, प्रत्येकी निम्मं.

हे प्रश्न बँक चांभारचौकशी म्हणून विचारत नाही हे मला आता पटलंय. मनी लाँडरिंगचा कायदा आहे, त्याखाली बँकेला गिऱ्हाइकाची जोखीम ठरवावी लागते, लो, मीडियम की हाय, आणि त्यावरच तुमचं केवायसी दहा वर्षांनी मागायचं, आठ की दोन हे ठरतं. तुम्ही सांगितलेला व्यवसाय, सांगितलेलं उत्पन्न आणि खात्यातली खरी उलाढाल, याचा मेळ लागला पाहिजे. मग हा मेळ बँकेचा माणूस अंदाजाने भरून कसा लागणार? बाई दिसली की गृहिणी, साडी साधी असली की निल. हे बंद झालं पाहिजे. प्रश्न मला आहे तर मला विचारा, मराठीत विचारा, आणि भरलेला फॉर्म सही घ्यायच्या आधी वाचून दाखवा, मागणं एवढंच आहे.

आणि बायकांना पण सांगायचंय. उत्पन्न लिहिलं की टॅक्स लागतो ही भीती काढून टाका. टॅक्स खऱ्या उत्पन्नावर लागतो, फॉर्मवरच्या टिकवर लागत नाही, आणि नव्या करपद्धतीत चार लाखांपर्यंत तर करच नाही. दुसरी भीती लाडकी बहीणची. तिथे अट कुटुंबाच्या अडीच लाखांच्या उत्पन्नाची आहे. आमचं घरचं मिळून जास्त होतं म्हणून मी अर्जच केला नव्हता. ज्यांचं खरंच कमी आहे त्यांनी खरं लिहिलं तर बिघडत नाही, आणि जास्त असताना निल लिहून एक दिवस पकडलं जाण्यापेक्षा आत्ताच खरं लिहिलेलं बरं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, ती पण करून टाका, सरकारी साईटवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका.

बदलायच्या कामाचं थोडं सांगते. मोबाईलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, २०११ पासून देशभर. बँकेचं तसं नाही. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर एस. एस. मुंद्रा यांनी खाते क्रमांकाच्या पोर्टेबिलिटीचा विषय काढला होता, पण आपल्या हातात अजून काही आलेलं नाही. माझा भाचा इंग्लंडमध्ये असतो, तिकडे २०१३ पासून सोय आहे, नवीन बँकेला सांगायचं, सात कामाच्या दिवसांत पगार, हप्ते सगळं तिकडे जातं. आपल्याकडे विम्याचा हप्ता, एसआयपी, गॅसची सबसिडी, प्रत्येकाकडे आपण वेगवेगळं जायचं. म्हणून जुनं खातं लगेच बंद करू नका, एक-दोन हप्ते नवीन खात्यातून गेलेले डोळ्यांनी बघा, तोवर जुन्यात थोडे पैसे राहू द्या, नाहीतर हप्ता परत गेला की दोन्हीकडून दंड.

आधारचं तर नीट समजून घ्या. केवायसीसाठी खात्याला आधार जोडणं वेगळं आणि सरकारी पैसे जमा व्हायला सीडिंग करणं वेगळं. ज्या बँकेत शेवटचं सीडिंग झालं तिथेच पैसे जातात. माझ्या जावेचे लाडकी बहीणचे दीड हजार दोन महिने दिसेनात, ती बँकेच्या चकरा मारत बसली, आणि पैसे तिच्या कधीच्या विसरलेल्या जनधन खात्यात पडत होते. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साईटवर 'बँक सीडिंग स्टेटस' म्हणून आहे, ओटीपी टाकला की बँकेचं नाव दिसतं.

गेल्या आठवड्यात जुनं खातं बंद केलं. चेकबुक परत दिलं, कार्ड त्यांनी समोरच कापलं. जुनं पासबुक मात्र मी मागून घेतलं, त्यात मुलांच्या सगळ्या फिया आहेत.

आत्ता हे लिहितेय तर समोर वरच्या मजल्यावरच्या वहिनी बसल्यात, उन्हाळ्यात पापड-शेवया करून विकतात, त्यांनीही त्याच बँकेचा फॉर्म आणलाय. मला म्हणतात माझं निलच टाका हो, ते काय उत्पन्न आहे का. म्हणलं आधी सांगा यंदा किती किलो पापड गेले. चाळीस, म्हणे. लिहिलं. नाचणीचे वेगळे. तेही लिहिले. आता शेवया मोजतोय, कुरडया अजून राहिल्यात.