कृपया पुन्हा प्रयत्न करा

गेल्या गुरुवारी सकाळी भिवंडीच्या एका गोदामासमोर चार टेम्पो उभे होते. माल एका टेम्पोचा. बुकिंग केलं होतं आमच्या एआय एजंटनं, म्हणजे आमच्या वतीनं कामं उरकणाऱ्या एआयनं, एका वाहतुकीच्या सॉफ्टवेअरमधून. पण बुकिंगवर नंबर माझा, त्यामुळे चारही ड्रायव्हरांचे फोन मला. "साहेब, आमचा माल कुठंय?" हा प्रश्न चार वेगवेगळ्या आवाजांत ऐकल्यावर मला पटलं, की एआय एजंटसाठी टूलचं, म्हणजे तो सॉफ्टवेअरमधली जी एकेक सोय वापरतो तिचं, डॉक्युमेंटेशन कसं लिहावं, हे शिकायचं तर त्या वाहतुकीच्या सॉफ्टवेअरवाल्यांकडूनच. नाव सांगत नाही. तुम्हीही टूल बनवत असाल तर त्यांचे धडे लगेच गिरवायला घ्या.

सुरुवात वर्णनापासून. अँथ्रोपिकनं नोव्हेंबर 2024मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे आपलं एमसीपी, एआयला बाहेरची सॉफ्टवेअरं जोडायची सामाईक पद्धत, आणलं तेव्हापासून एजंटला टूल जोडणं फारच सोपं झालंय. टूलचं नाव द्यायचं, थोडं वर्णन द्यायचं, आणि कुठला पॅरामीटर, म्हणजे टूलला पुरवायची माहिती, कुठल्या प्रकारचा त्याचा तक्ता, म्हणजे स्कीमा, द्यायचा. एजंट टूल निवडतो आणि चालवतो तो एवढ्याच भांडवलावर. तुमचा कोड त्याला दिसत नाही, तुमच्या मनातलं तर नाहीच. तेव्हा ही जागा जपून वापरा. टूलचं नाव 'क्रिएट पिकअप' असेल तर वर्णनात लिहा, "पिकअप क्रिएट करते." आमच्या टूलपुढे हेच लिहिलं होतं आणि ते अक्षरशः खरं आहे. चार टेम्पो साक्षीला आहेत.

तारखेचा नमुना देऊ नका. प्रकार 'स्ट्रिंग', म्हणजे नुसता मजकूर, म्हणून मोकळे व्हा. 05/06 म्हणजे आपल्याकडे 5 जून, अमेरिकेत 6 मे, आणि तुमच्या सर्व्हरवर काय ते त्या सर्व्हरलाच ठाऊक. आयएसओ 8601 हे मानक 1988पासून आहे, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, भांडणच नाही. पण भांडण नसेल तर सपोर्ट टीमनं दिवसभर करायचं काय?

एकाच कामाची तीन टूल ठेवा. 'गेट ऑर्डर', 'फेच ऑर्डर' आणि 'ऑर्डर डिटेल्स न्यू'. त्यातलं जुनं कुठलं ते गुपित राहू द्या.

पर्याय शब्दांत लिहू नका, आकडे द्या. आमच्या टूलमध्ये 'मोड' आहे, 1 ते 3. पहिले दोन प्रयोगानं कळले. तिसरा काय करतो असं विचारलं तर उत्तर आलं, "ते ज्यांनी लिहिलं ते आता कंपनीत नाहीत."

आणि सगळी माहिती पीडीएफमध्ये. स्क्रीनशॉट असलेल्या.

आता एरर. एरर कधीही एरर म्हणून पाठवायची नाही. एचटीटीपीत, म्हणजे सर्व्हरशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीत, चुकांसाठी 400, 409, 429, 500 असे कोड आहेत, प्रत्येकाला अर्थ आहे, पण ग्राहक उगाच घाबरतो. तुम्ही 200 पाठवा, म्हणजे सगळं आलबेल, आणि पोटात मजकूर ठेवा, "काहीतरी चुकलं. कृपया पुन्हा प्रयत्न करा." बुधवारी संध्याकाळी आमच्या एजंटनं पिकअप बुक केला. तो झाला. व्यवस्थित झाला, गाडी ठरली, वेळ ठरली. फक्त बुकिंगनंतर जो एसएमएस जातो तो गेला नाही. एसएमएस! तेवढ्यासाठी टूल म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. माणूस असता तर वैतागून फोन लावला असता, "अहो, झालंय का बुकिंग?" एजंट बिचारा आज्ञाधारक. इतकं 'कृपया' म्हणतायत म्हटल्यावर त्यानं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा गाडी ठरली, पुन्हा एसएमएस अडकला, पुन्हा कृपया. चौथ्या खेपेला एसएमएसचा गेटवे शुद्धीवर आला म्हणून चारच टेम्पो. तो रात्रभर झोपला असता तर भिवंडी बायपास जाम झाला असता.

'पुन्हा चालवल्यास दुसरं बुकिंग तयार होतं.' एवढं एक वाक्य वर्णनात हवं होतं. एमसीपीच्या 2025च्या आवृत्तीत तर त्यासाठी खुणाच आहेत. हे टूल फक्त वाचतं की काही पुसतं, तीच माहिती देऊन पुन्हा चालवलं तर जास्तीचं काही घडतं की नाही, सगळं एका शब्दात सांगता येतं. (बुकिंगआधी माणसाचा होकार घ्यायची पायरी आम्हीही ठेवली नव्हती. कबूल. ती आता ठेवलीय.)

तक्रार केली. उत्तर काय यावं? "तुमचा एआय हॅल्युसिनेट करतोय, प्रॉम्प्ट सुधारा." म्हणजे त्याला भास होतायत, त्याला दिलेल्या सूचना बदला.

हॅल्युसिनेट? तुम्ही लिहिलंत पुन्हा करा, त्यानं पुन्हा केलं. यात भास कुणाला झाला?

बास झाला उपरोध. अहो, इतकी वर्षं तुमचं हे खपलं, कारण समोर माणसं होती. मोड 3ला हात लावू नकोस, 200 आलं तरी आतलं वाच, तारीख उलटी टाक, हे कुणीतरी टपरीवर चहा पिताना सांगायचं. तेच तुमचं डॉक्युमेंटेशन. एजंट टपरीवर येत नाही. आणि माणसांना तरी कुठे कळत होतं? आमच्याकडे नवी लागलेली मुलगी या टूलपुढे दोन दिवस बसून होती आणि स्वतःलाच मठ्ठ समजत होती. तिला कुणी हॅल्युसिनेट म्हटलं नाही इतकंच.

लाज वाटू द्या थोडी. लिहा ना चार ओळी! टूल कधी वापरायचं, कधी नाही, तारीख कशी द्यायची, चुकलं तर नेमकं काय चुकलं आणि आधीचं काम झालंय की नाही. आणि त्या ओळी एआयकडून जनरेट करून चिकटवू नका, मोड 3 त्यालाही माहीत नाही. लिहून झालं की टूल कधीच न पाहिलेल्या माणसाला वाचायला द्या. तो पहिला प्रश्न जिथे विचारेल तिथे तुमचं वाक्य कमी पडलंय.

तीन रिकाम्या फेऱ्यांचं भाडं तुमच्या पुढच्या बिलातून कापतोय. मोड 3 म्हणजे काय, ते शोधून कळवा. फोन करा, एसएमएस नको.