टिप द्या की, पण तिला पगार म्हणू नका

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या भिशीच्या ग्रुपवर एक मजकूर आठवड्यात तीनदा येऊन गेला. तुमच्याकडेही आला असेल. म्हणणं असं : हॉटेलात दहा टक्के टिप देणं ग्राहकाचं कर्तव्य आहे, न देणारा वेटरचा पगार मारतो, अमेरिकेत सगळे देतात, बिलातला सर्व्हिस चार्ज सरकारमान्य आहे, आणि ज्याला परवडत नाही त्याने घरी पोळी-भाजी खावी.

पगाराचं आधी. पगार मालकाने द्यायचा असतो, आणि किमान वेतनाचा कायदाही त्यालाच बांधतो, चौथ्या टेबलावर जेवणाऱ्याला नाही. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलं चालवणाऱ्या आयटीसी कंपनीच्या खटल्यात सांगितलं की ग्राहकाने आपखुशीने दिलेली टिप हा मालकाने दिलेला पगार नव्हे. खटला प्राप्तिकराचा होता, पण मुद्दा तोच. जो पगार मी देतच नाही, तो मी मारणार कसा?

अमेरिकेचा दाखला तर उलटा बसतो. तिथल्या केंद्रीय कायद्यात टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला 2.13 डॉलर दिले तरी चालतं, आणि हा आकडा 1991 पासून हललेला नाही. बाकीचे, किमान वेतनाच्या 7.25 डॉलरपर्यंत, टिपेतून भरायचे, कमी पडले तर मालकाने. म्हणजे तिथे ग्राहक खरोखरच पगार भरतो. हीच सोय आपल्या सेठांना करून द्यायची आहे का? जपानात टिपेची पद्धतच नाही, पण तो देश या मजकुरात कुणाला आठवत नाही.

सर्व्हिस चार्जचं मला जरा लागलेलं आहे. गेल्या दिवाळीत सासरची मंडळी आली होती म्हणून विजयनगरकडच्या एका हॉटेलात गेलो. जेवण 1,800 चं. खाली बारीक अक्षरात 10 टक्के सर्व्हिस चार्ज, 180 रुपये. त्यावर पुन्हा 5 टक्के जीएसटी, म्हणजे चार्जवरही कर. 1,890 ऐवजी 2,079. मॅनेजर म्हणाला, ‘सर, कम्पल्सरी है.’ पाहुण्यांसमोर वाद नको म्हणून भरले, आणि घरी येईपर्यंत बायकोचं ऐकलं. कम्पल्सरी मुळीच नव्हतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 लाच सांगितलंय की हा आकार बिलात आपोआप जोडता येत नाही, दुसऱ्या नावानेही नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, आणि 28 मार्च 2025 ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या, वर एकेक लाखाचा दंड. आता काढायला सांगायचं. नाही काढला तर ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 ला फोन.

‘परवडत नसेल तर घरी खा’ हे बोलणाऱ्याने डिसेंबरात रात्री बाराला सराफ्यातल्या खाऊगल्लीत जाऊन यावं. गराडूचा कंद तळणारा माणूस कढईसमोर चार तास उभा असतो. त्याला कोण दहा टक्के देतं? भुट्ट्याचा कीस द्रोणात वाढणाऱ्याला? कष्टांवरून कर्तव्य ठरत असेल तर ते टेबल-खुर्चीपाशीच का सुरू होतं, आणि आत भांडी घासणाऱ्याला त्यातलं काय पोचतं?

मी स्वतः टिप देतो. सहा मुलं घेऊन दोन तास टेबल अडवलं, पाणी दहादा मागवलं, धाकट्याने रायतं सांडलं, तर हात आपसूक खिशात जातो, आणि जायलाच हवा. पण ती माझी खुशी. पूर्वी बडीशेपेच्या ताटलीत सुटे उरायचे, आता क्यूआरने पैसा न् पैसा नेमका जातो आणि ताटली रिकामीच परत जाते. परवा छप्पन दुकान या खाऊबाजाराजवळ जेवलो तेव्हा मुद्दाम विचारलं, टिप यातच टाकू का? पोऱ्याने काउंटरकडे एकदा बघितलं आणि हळूच म्हणाला, ‘भिया, वो तो सेठ के खाते में जाता है.’ पन्नासची नोट होती, ती दिली.