पेन्शन आहे म्हणून रेशन नाही?

एका लेखात म्हटलंय की पेन्शन घेणाऱ्यांनी रेशनवरचा हक्क आपणहून सोडावा. कोणती पेन्शन, तेही लिहायला हवं होतं. माझे बाबा जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात राबले. आता पीएफची पेन्शन महिन्याला 1,900 रुपये, म्हणजे वर्षाला 22,800. सरकारची म्हाताऱ्यांना पेन्शन देणारी श्रावणबाळ योजना आहे, तिची वर्षाची उत्पन्न मर्यादा 21,000, तिथूनच नाव कटलं. रेशनचं फुकट धान्य मिळणाऱ्या प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात 44,000 ची मर्यादा आहे, त्यात ते बसतात. पण कार्ड जुनं, एकत्र कुटुंबाचं, केशरी. भाऊ पुण्याला कंपनीत आहे, त्याचा पगार कागदावर बाबांच्या ताटात पडतो. प्रत्यक्षात दिवाळीला येतो तेवढाच.

कार्ड वेगळं करायला गेलो तर उत्पन्नाचा दाखला आणा म्हणाले. तो आणला, तर आता इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांचा ठरलेला कोटा, संपला म्हणे. म्हणजे पात्र असून रांगेतच.

आणि समजा नाव लागलं, तरी दोघांच्या घराला महिन्याला माणशी 5 किलोप्रमाणे 10 किलो धान्य. सगळ्यात गरीब अशा अंत्योदयवाल्याला घरटी 35. फुकट आहे, नाही म्हणत नाही. पण तेल, तुरीची डाळ, बीपीच्या गोळ्या 1,900 मध्येच बसवायच्या.

शेजारच्या आजीचं तर वेगळंच. कार्ड आहे, पण जन्मभर कापूस वेचून बोटांच्या रेषाच गेल्या. मशीन अंगठा घेत नाही. दुकानदार भला माणूस, ओटीपीवर देतो. पण मोबाइल नातवाजवळ, अन् नातू वावरात. मग म्हातारी संध्याकाळपर्यंत ओट्यावर पिशवी धरून बसलेली असते.

हक्क सोडायचा म्हणता, तो आधी मिळू तर द्या!