डबा बदलणारच, वाद वेगाचा आहे

राजापूरच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जैतापूरच्या प्रस्तावित अणुवीज प्रकल्पाचा विषय निघाला की तासाभरात दोन तट पडतात. एक म्हणतो, अणुकचऱ्याचं शास्त्रज्ञ बघतील, तुम्ही खोडा घालू नका. दुसरा म्हणतो, लाख वर्षांचं विष, संपलं कोकण. कचरा ज्यात भरतात त्या डब्याचं पुढे काय होतं, हे कुणी विचारत नाही. मी राहतो त्या स्वीडनमध्ये सगळं भांडण त्या डब्यावरूनच झालं.

इथल्या अणुकचरा कंपनीची योजना अशी: वापरलेलं अणुइंधन बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) गाभ्यात बसवायचं, वर ५ सेंटीमीटर जाड तांब्याचं कवच, भोवती बेंटोनाइट माती, आणि हे सगळं फोर्समार्कला सुमारे ५०० मीटर खोल खडकात पुरायचं. डबा जवळपास ५ मीटर उंच, भरल्यावर २५ टनांचा. असे सुमारे ६,०००.

घरची तांब्याची घागर काळवंडते ती हवेमुळे. खाली बोगदा बुजवला की अडकलेला ऑक्सिजन खनिजं आणि सूक्ष्मजीव हळूहळू संपवतात. मग उरतं भूजलातलं सल्फाइड. ते तांब्याला खातं, पण भिजून फुगलेल्या मातीतून कवचापर्यंत फार सावकाश पोचतं. त्याच मातीच्या आणि पाण्याच्या दाबाने तांबं आतल्या बिडावर चेपत जातं. तेव्हा तडकू नये म्हणून त्यात किंचित फॉस्फरस घालतात. कधी कवच भेदून पाणी आत गेलंच, तर बीड गंजून हायड्रोजन सुटणार. यातलं काहीही कंपनी नाकारत नाही.

२००७मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी दावा केला, की ऑक्सिजन नसलेल्या शुद्ध पाण्यातही तांबं गंजतं. कंपनीने तो अमान्य केला, पण जानेवारी २०१८मध्ये पर्यावरण न्यायालयाने सरकारला कळवलं: डब्याबद्दलच्या शंका फिटेपर्यंत परवानगी नको. पुढच्या वर्षी २० वर्षं मातीत तापवत ठेवलेले तांब्याचे नमुने वर काढले, तर त्यांवरच्या खड्ड्यांचा अर्थ काय यावर पुन्हा जुंपली. सरकारची मंजुरी आली २०२२मध्ये, खोदकाम २०२५मध्ये. टीकाकारांचं समाधान आजही झालेलं नाही. मला ते ठीक वाटतं. शिवाय फोर्समार्क ज्या ओस्टहामर नगरपालिकेत येतं तिला नकाराधिकार होता. तिने २०२०मध्ये हो म्हटलं. जैतापूर प्रकल्प जिथे व्हायचा आहे त्या माडबनच्या ग्रामपंचायतीला असं काही विचारल्याचं ऐकलंय?

आपण हाच कित्ता गिरवावा असं मी म्हणत नाही. भारत वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करतो, म्हणजे त्यातला पुन्हा वापरता येणारा भाग वेगळा काढतो. उरलेला जहाल कचरा काचेत ओतून पोलादी डब्यांत बंद करतो आणि हवेने थंड होणाऱ्या कोठारात ठेवतो. असं एक कोठार तारापूरला आहे. खोल पुरण्याची घाई नाही, असं अणुऊर्जा खात्याचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. पण २०१२मध्ये कुडनकुलम अणुप्रकल्पाच्या कचऱ्यासाठी कोलारच्या सोन्याच्या खाणीचं नाव सर्वोच्च न्यायालयात निघालं, कोलारकर रस्त्यावर आले आणि सरकारने लगेच हात झटकले. चर्चा झालीच नाही.

तारापूरच्या त्या डब्यांचे तपासणी अहवाल पालघर जिल्हा परिषदेला मराठीत मिळावेत, एवढं मागायला अणुविरोधक असावं लागत नाही. ग्रुपवरच्या समर्थकांनी तरी ही मागणी आधी करावी.