पंचेचाळीस वाघिणी आणि आमची शटल

माझ्या भाच्याला आकडे शाळेने नाही, मालगाडीने शिकवले. ठाण्याजवळच्या दिव्यात आमच्या गॅलरीतून पनवेलकडे वळणारा रूळ दिसतो. कंटेनरची गाडी आली की पोरगं जाळीला नाक लावून मोजायला लागतं आणि शेवटी ओरडतं, "मामा, पंचेचाळीस!" दरवेळी पंचेचाळीसच. एवढ्याच वाघिणींचा रेक, म्हणजे अख्खी गाडी, असतो तो. (वॅगनला पहिल्यांदा वाघीण म्हणणारा माणूस मला भेटायला हवा होता.) एका वाघिणीवर वीस फुटी दोन कंटेनर, म्हणजे रेकभर नव्वद. तेच ट्रेलरवर चढवले तर पंचेचाळीस ट्रेलर. एका गाडीमागे शीळफाट्यावर पंचेचाळीस ट्रेलर! डोळ्यांपुढे आणून बघा.

हे आठवायचं कारण, परवा सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, "या मालगाड्यांचा आपल्याला काय उपयोग? नुसता धडधडाट." दहा-बारा अंगठे पडले. मी तिथे गप्प बसलो, म्हणून इथे लिहितोय.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, ३४ किलोमीटर. त्याचं कौतुक आपण ठाणेकर अजून करतो आणि करावंच. पण मुंबईचं बंदर बेटाच्या पार खालच्या टोकाला. त्यामुळे रूळ तिकडेच धावले आणि मालही त्याच वाटेने शहराच्या पोटात शिरत राहिला. गुजरातकडून येणारी वाघीण दक्षिणेकडे जायची तरी मुंबईला वळसा घालायला सोपी वाट नव्हती. १९६०च्या दशकात दिवा-पनवेल रूळ पडले, १९८०च्या दशकात दिवा-वसई, आणि ती वाट तयार झाली. वसईला वळायचं, जूचंद्र, कामण, खारबाव, भिवंडी करत यायचं, खाडी ओलांडायची, कोपरला मेन लाइनच्या डोक्यावरून जायचं आणि दिव्यावरून पनवेल गाठायचं. मुंबईला पायही लावायचा नाही.

या वाटेला खरा जोर चढला २६ मे १९८९ नंतर, न्हावा-शेव्याचं जेएनपीटी बंदर सुरू झालं तेव्हा. पनवेलहून उरणकडे जाताना जासई लागतं. त्याच पट्ट्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठीच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या त्या लढ्यातूनच पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्यांना परत द्यायचा हिशोब मिळाला. एवढ्याशा पट्ट्यातून जाणारा माल किती जणांच्या शेतांवरून जातो हे मला ते पंचेचाळीस डबे मोजतानाही आठवतं.

तर काकांचं उत्तर. रेल्वेची सुमारे दोन तृतीयांश कमाई मालवाहतुकीतून येते. आपला पास एवढा स्वस्त पडतो, त्याचं एक कारण तो धडधडाट आहे. पास काढताना हे विसरायचं आणि रात्री झोपमोड झाली की आठवायचं, असं कसं चालेल?

पण काका अर्धे बरोबर आहेत, तेही सांगतो.

शहराला वळसा घालायला जी वाट काढली, तिच्याच दोन्ही अंगांना आता शहर उभं आहे. दातिवली, निळजे, तळोजा, कळंबोली, तिकडे भिवंडी, नायगाव. माणसं लाखांनी आली, गाड्या मात्र मालाच्याच राहिल्या. दिव्याला जलद लोकल थांबायलाच डिसेंबर २०१६ उजाडलं, मग या आडव्या रुळाकडे कोण बघणार?

माझ्या बायकोचं माहेर जूचंद्र. रांगोळीवाल्यांचं गाव, नवरात्रात चंडिकेला आम्ही जातोच. दिव्याहून वसईकडची शटल, म्हणजे छोटी पॅसेंजर, मिळाली तर एकदम सरळ प्रवास, पण दिवसाला हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्याच. एक चुकली की घोडबंदरला गायमुखाच्या ट्रॅफिकमध्ये बसा, नाहीतर दादरला जाऊन तिथून पुन्हा वर या. मागच्या खेपेला आम्ही कोपरच्या वरच्या प्लॅटफॉर्मवर ताटकळलो होतो. समोरून मालगाडी गेली. बायको म्हणाली, "त्या डब्यांना बरं, त्यांना माहेरी जायची घाई नसते."

आता मुद्दा. उत्तर प्रदेशातल्या दादरीहून जेएनपीटीपर्यंत साधारण १५०० किलोमीटरचा मालगाड्यांचा स्वतंत्र कॉरिडॉर आपल्याच दारावरून आखला आहे. २०२५ मध्ये निळजे पुलाच्या तोडकामाने कल्याण-शीळ रस्त्यावर जो घोळ झाला, तो त्याच्यासाठीच. राजस्थान-हरियाणाच्या टप्प्यावर ७ जानेवारी २०२१ पासून कंटेनरवर कंटेनर चढवलेल्या दीड किलोमीटर लांब गाड्या विजेवर धावायला लागल्या. तसला माल कॉरिडॉरच्या स्वतंत्र रुळांवर गेला की वसई-दिवा-पनवेलच्या जुन्या रुळांवर जागा होणार, आणि ती कोणाला मिळणार हे आत्ताच ठरवून घ्यायला हवं. कारण मोकळा रूळ कोणी मोकळा ठेवत नाही. सिमेंट, लोखंड, तेलाचे टँकर, कोणीतरी भरून टाकतंच.

पनवेल-वसई लोकलच्या गप्पा मी बारावीत होतो तेव्हापासून ऐकतोय, आता केस पांढरे व्हायला लागले. मला लोकलचा चकाचक नवा मार्ग नको. सकाळी आणि संध्याकाळी दर अर्ध्या तासाला एक शटल द्या, आहे त्याच रुळांवर, आहेत त्याच स्टेशनांत. मालगाड्यांचा कॉरिडॉर पुरा होईल तेव्हा याचं लेखी वेळापत्रक हातात हवं. आमच्या नगरसेवकांनी, आमदारांनी उद्घाटनाच्या फलकावर नाव टाकण्याआधी हे मागावं.

तोपर्यंत, जूचंद्रच्या शटलच्या सध्याच्या वेळा कोणाकडे असतील तर टाका. माझ्याकडचा फोटो जुना आहे आणि नवरात्र जवळ आलंय.