दहा डॉलर आणि छत्तीस महिने

अमेरिकेतल्या काळ्या पास्टरांचा विषय निघाला की आपल्याकडे मार्टिन ल्यूथर किंगच्या पुढे गाडी जातच नाही, म्हणून आज लिऑन सलिव्हनबद्दल लिहितेय. मला हा माणूस फार मोठा वाटतो.

1950 मध्ये तो फिलाडेल्फियाच्या झायन बॅप्टिस्ट चर्चमध्ये आला तेव्हा सभासद होते 600 च्या आसपास, पुढे ते 6000 झाले. पण नुसती गर्दी कोणीही जमवतो हो, त्या गर्दीकडून त्याने काय करून घेतलं ते बघा. 1960 मध्ये शहरातल्या 400 पास्टरांना बरोबर घेऊन त्याने टेस्टीकेक बनवणाऱ्या बेकरी कंपनीवर बहिष्कार घातला. मागणी एवढीच, की आमचे लोक तुमचे केक खातात ना, मग ड्रायव्हर-सेल्समनच्या, क्लार्कच्या नोकऱ्याही त्यांना द्या! रविवारी चर्चाचर्चातून निरोप गेला, सोमवारपासून केक बंद, आणि दोनेक महिन्यांत कंपनी नमली. मग एकेक करत बाकीच्या कंपन्या.

पण दारं उघडल्यावर कळलं की बऱ्याच जणांना त्या कामांचं ट्रेनिंगच कधी मिळालेलं नाही. कुठून मिळणार, कोणी शिकवलंच नव्हतं. म्हणून 1964 मध्ये त्याने एका जुन्या पोलीस कोठडीच्या इमारतीत ट्रेनिंग सेंटर काढलं, जिथे पोरांना डांबायचे तिथेच त्यांना हुनर शिकवायला लागला. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता.

आणि त्याआधी, 1962 मध्ये, बायबलमधल्या पाच भाकरी नि दोन मासे यांच्या गोष्टीवर (येशू तेवढ्यावरच हजारोंना जेवू घालतो, ती) प्रवचन देताना त्याने सांगितलं की महिन्याला दहा डॉलर द्या, छत्तीस महिने. आपल्या भिशीसारखं वाटेल, पण पैसे घरी परत न्यायचे नव्हते, पहिल्या 16 महिन्यांचे शिक्षणासारख्या कामांना आणि उरलेल्या 20 महिन्यांचे धंद्यात गुंतवायला. त्यातूनच 1968 मध्ये नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवर प्रोग्रेस प्लाझा उभा राहिला, काळ्या लोकांच्या मालकीचं अख्खं शॉपिंग सेंटर!!

1971 मध्ये जनरल मोटर्सने त्याला बोर्डावर घेतलं, तिथला पहिला काळा डायरेक्टर. माणूस खुर्ची मिळाल्यावर गप्प बसला असेल असं वाटतं ना? त्याच वर्षी भागधारकांच्या सभेत उभा राहून स्वतःच्याच बोर्डाच्या विरोधात बोलला, की दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडा, कारण तिथे तेव्हा काळ्यांना दडपणारी वर्णभेदी राजवट होती.